आधी हात, मग पाय

ती आधी हात जोडायची आणि मग लाथ मारायची. लाथ फार जोराची नसायची, पण लाथच. मी ती खाल्लेली आहे, म्हणून खात्रीने सांगतो.

घाटंजीला माझी चक्की आहे. ज्वारीचं पोतं उचलताना एकदा कमरेत अशी चमक भरली की मी वाकलो तो वाकलेलाच राहिलो. दळणाला आलेल्या बायका आधी घाबरल्या, मग पदराआड हसल्या. त्यांच्यातली एक म्हणाली, "पायाळू बाई बाजारात आली हाय, तिले बोलवा." थोड्या वेळाने एक उंच, हडकुळी बाई आली. डाव्या डोळ्यातून पाणी गळत होतं, ते तिने पदराने टिपलं. मला भिंतीला हात टेकून उभं केलं. माझ्या पाठीमागे जाऊन तिने दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, "माफ करजा, भाऊ." पुढच्या क्षणी मी पिठाच्या डब्यांपाशी होतो.

पण सरळ उभा होतो, हेही सांगायला हवं. गुण पायाचा होता की भीतीचा, ते मला आजही सांगता येणार नाही.

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. तुमच्याही गावात असेल एखादा. त्याची लाथ बसली की उसण उतरते म्हणतात. ढग गडगडायला लागले की मात्र त्याच्याजवळ कुणी थांबत नाही, कारण वीज म्हणे पायाळू माणसाला शोधत येते. आणि डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीत पुरलेलं गुप्तधन दिसतं. या शेवटच्या समजुतीने बाईचं सगळं आयुष्य खाल्लं.

तिची आई धाकट्या भावाच्या बाळंतपणात गेली. हा भाऊ हिनेच कडेवर वाढवला. त्याला ती 'लहाना' म्हणायची. तो डोक्यावर पांढरे केस घेऊन फिरायला लागला तरी लहानाच. बाप गुप्तधनाच्या नादी लागलेला. अवस आली की तो आणि त्याचे सोबती या पोरीला घेऊन कुठल्यातरी ओसाड गावठाणात जायचे. सोबत एक मांत्रिक. तो तिच्या डोळ्यांत अंजन घालायचा. ते कशाकशाचं बनवलेलं असायचं देव जाणे. डावा डोळा त्यातच कायमचा गळका झाला. मग सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. "काय दिसते?" तिला काहीच दिसायचं नाही. तसं म्हटलं की चापट बसायची. म्हणून ती कुठेही बोट दाखवायला शिकली. ते खणायचे, काही निघायचं नाही, आणि पुन्हा हिलाच विचारायचे, काहून निघत नाही?

"मंग मी म्हणो, हाय, पण खोल हाय," ती मला सांगत होती. "खोल म्हटलं की ते दमून जात. मले घरी जाचं राहे, भाऊ. लहाना उपाशी राहे घरी."

घरी आल्यावर लहाना विचारायचा, काय दिसलं? भुकेने रडायचा. त्याला गप्प करायला ती सांगायची, मोठा हंडा दिसला, मी मोठी झाली की तुले काढून देईन. तो हंडा ऐकत ऐकत पोरगं झोपी जायचं. दर वेळी हंडा थोडा मोठा व्हायचा.

बाई आयुष्यात खोटं फार थोडं बोलली असेल. पण हे बोललेलं असं रुजलं की पुढे कुणालाच उपटता आलं नाही.

बाप गेला. बाईचं लग्न जमलं नाही. बहीणभाऊ मिळून बापाची जमीन कसू लागले. भावाचं लग्न झालं, लेकरं झाली. बाजाराच्या दिवशी बाई घाटंजीला यायची, दोनचार कमरा सरळ करायची आणि संध्याकाळच्या बसने परत जायची. असंच चालू राहिलं असतं. पण एका पावसाळ्यात तिला ताप भरला आणि दवाखान्यात तिच्या उशाशी एक म्हातारी ख्रिस्ती नर्सबाई होती.

ही नर्सबाई रोग्यांना मोकळ्या वेळात त्यांच्या पवित्र शास्त्रातल्या गोष्टी सांगायची. एके दुपारी तिने गोष्ट काढली: एका माणसाला शेतात पुरलेलं धन सापडलं. बाई तापातसुद्धा उठून बसली आणि पायात चप्पल शोधू लागली. "मले वाटलं, अरे देवा, इथंबी तेच! आता ही बाई माह्या डोळ्यात काहीतरी घालते."

नर्सबाईने तिला धरून निजवलं आणि गोष्ट पुरी केली. त्या माणसाने ते धन पुन्हा झाकून ठेवलं. मग आनंदाने घरी गेला, असेल नसेल ते सगळं विकलं आणि ते शेत विकत घेतलं.

"झाकून ठेवलं?" बाईने विचारलं.

"हो."

"अन् आनंदानं गेला?"

"आनंदानं."

यावर ती रात्रभर विचार करत होती म्हणे. पुढे माझ्यापाशी ही गोष्ट तिने किती वेळा सांगितली असेल; आणि दर वेळी शेवटी तेच म्हणायची, "मी इतके खड्डे पाह्यले भाऊ, पण खड्ड्याच्या काठावर हासणारा माणूस एकबी नाही पाह्यला."

त्या न पाहिलेल्या हसऱ्या माणसामागे ती निघाली. बसस्टँडच्या मागे निळ्या भिंतीचं, टिनाचं एक लहानसं चर्च आहे, तिथे जायला लागली. ती गोष्ट सांगणारा येशू तिला भेटला, असं ती म्हणायची. हे भेटणं कसं असतं ते मला विचारू नका. मी पिठातला माणूस.

आता यात एक घोटाळा झाला. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत तो झाला नसता. चर्चमधल्या चारचौघींसारखी ती 'माझ्या जिवाला शांती लाभली' असं काही म्हणाली असती तर कुणी मान वर करून पाहिलं नसतं. पण ती गावात गेली आणि विहिरीवर भावजयीला म्हणाली, "मले गुप्तधन भेटलं."

पायाळू बाईने असं म्हटल्यावर काय होणार? संध्याकाळपर्यंत गावात दुसरा विषय उरला नाही. बाभुळगावकडून कुणी अनोळखी माणसं गाडी करून आली आणि उगाच तिच्या शेताच्या बांधावर फिरून गेली. लहान्याने दाराला आतून कडी लावली, बहिणीला खाटेवर बसवलं, स्वतः खाली बसला आणि विचारलं, "कुठं?"

तिने सांगायला सुरुवात केली. येशूचा जन्म, त्याचं बोलणं, त्याचं मरण, तिसऱ्या दिवशी उठणं. सगळं. इतकं मनापासून ती आयुष्यात बोलली नव्हती. लहाना मधे एक शब्द न बोलता ऐकत होता. तिला वाटलं, पोटात जाऊन राहिलं त्याच्या. सांगून झालं. तो म्हणाला, "अन् हंडा?"

तिने हंडा नाही म्हटलं. हंडा कधीच नव्हता म्हटलं. लहानपणचं सगळं खोटं होतं म्हटलं. त्याने विश्वास ठेवला नाही. लहानपणापासून ज्या एका गोष्टीवर त्याचा विश्वास होता, तीच ती आता नाही म्हणत होती.

मग भांडण धर्मावर आलं. हे येशूचं सोड, नाहीतर घर सोड, असं तो म्हणाला. तिने बाप्तिस्मा घेतला आणि घर सोडलं. जाताना जमिनीतला आपला वाटाही त्याच्या नावाने करून दिला. तिला वाटलं, यावरून तरी त्याला कळेल की आपण काही दडवलेलं नाही. पण गावाचा हिशेब उलटा. हातची काळी जमीन कुणी सोडून जातं का? सोडली म्हणजे त्याहून मोठं काहीतरी घावलंच आहे! मला हे कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. बाईने त्या गोष्टीतल्या माणसासारखं शब्दशः केलं होतं आणि गावानेही गोष्ट बरोबरच ओळखली होती. फक्त धन कोणतं, एवढंच गावाला कळलं नाही.

चक्कीमागची माझी मातीची खोली रिकामी होती. ती तिथे राहायला आली.

पहाटे मी चक्कीचा पट्टा चढवण्याआधी ती प्रार्थनेला बसलेली असायची. गुडघे टेकून, कपाळ जवळजवळ भुईला. रोज त्याच जागी. भुईला तिथे दोन खळगे पडले. ती सारवायची, खळगे बुजायचे, पुन्हा पडायचे. प्रार्थना झाली की बाहेर यायची तेव्हा एका डोळ्यात पाणी आणि तोंडावर हसू. पाणी अंजनाचं होतं हे मला ठाऊक होतं. हसू कशाचं होतं ते मी तिला चिडवून चिडवून विचारायचो.

"बाई, घर गेलं, शेत गेलं, भाऊ गेला. मिळालं काय? माझ्या चक्कीचा धडधडाट."

"हाय, भाऊ. खोल हाय."

"लहानपणी पण हेच म्हणत होता की तुमी!"

ती खळखळून हसली. मग म्हणाली, "तवा खोटं होतं. शब्द तेच हाये, काय करू? दुसरे मले येतच नाही."

रोजच काही हाती लागायचं असं नाही. काही दिवस ती बाहेर आली की चेहरा राखेसारखा असायचा. असाच एक हिवाळा गेला. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "सारे गोटेच लागून राह्यले, भाऊ. हाक मारतो त आवाज परत येते." म्हटलं, मग नका बसू काही दिवस, आराम करा. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिला श्वास घेऊ नका म्हटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा तिथेच.

लाथा मारणं तिने एका दिवसात बंद केलं. पास्टरसाहेब म्हणाले होते की पायात गुण असतो ही अंधश्रद्धा आहे. दुसरं कुणी असतं तर चर्चमध्ये मान डोलावली असती आणि घरी आपलं चालू ठेवलं असतं. हिला तसं येतच नव्हतं. तेवढ्या एका पायावर बाजारात तिला मान होता, लोक बसायला पोतं टाकायचे, पायलीभर धान्य द्यायचे. ते गेलं. ती रोजाने कापूस वेचायला जाऊ लागली.

माझी कमर मात्र ऐन हंगामात पुन्हा धरली. मी विनवण्या केल्या. म्हटलं, पास्टरसाहेबांना मी सांगत नाही, एकच द्या.

"पायात काही नाही, भाऊ. खरंच नाही."

तिने तेल कोमट करून कमर चोळून दिली आणि माझ्यासाठी मोठ्याने प्रार्थना केली. दळण घेऊन बसलेल्या सगळ्या बायकांदेखत परमेश्वराला माझ्या कमरेची अथपासून इतिपर्यंत माहिती दिली. मी खूप वैतागलो. पण माझ्यासाठी असं नाव घेऊन कुणी काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं, आणि ते कुठेतरी लागलं.

चर्चमध्ये तरी तिला सुख होतं का? होतं आणि नव्हतं. एका रविवारी अवकाळी ढग आले. उपासना चालू असताना जवळच कुठेतरी वीज कडाडली आणि तिच्या बाकावरची माणसं नकळत थोडी सरकली. माणसं बाप्तिस्मा घेतात, पण विजेचं भेव पाण्यात धुतलं जात नाही. बाई उठली आणि बाहेर पावसात, उघड्यावर जाऊन उभी राहिली. ती म्हातारी नर्सबाई काठी टेकत बाहेर गेली आणि तिचा हात धरून उभी राहिली. दोघी भिजल्या. मी दुसऱ्या दिवशी त्या लोकांना शिव्या घालायला लागलो तर बाई म्हणाली, "त्यायले भेव लागते, भाऊ. आपण बसून कायले त्यायच्या प्रार्थनेत बिब्बा घालाव?"

तिच्या मनात मात्र एकच गोष्ट अडकली होती, आणि ती सगळ्या गल्लीला ठाऊक होती. बाजाराच्या दिवशी ती कामाला जायची नाही. चुलीवर चहाचं आधण ठेवायची आणि पुढे चक्कीच्या दारात येऊन बसायची. लहाना बाजाराला यायचा. माझ्या चक्कीवरूनच रस्ता आहे. तो पिशवी खांद्याला लावून यायचा आणि बरोबर आमच्या दारापाशी आला की तोंड पलीकडे फिरवायचा. ती हसायची. तो निघून जायचा. मग ती आटलेला चहा मला आणून द्यायची.

"एक डाव आला पाह्यजे," ती म्हणायची. "त्याले हंडा देतो म्हटलं होतं मी. जे भेटलं ते त्याले देल्याशिवाय माहा जीव जात नाही."

वर्षानुवर्षं मी तो आटलेला चहा प्यायलो.

मग तिचं पोट दुखायला लागलं. यवतमाळला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरीच ठेवा. चर्चच्या बायका पाळीपाळीने येऊन बसू लागल्या. त्या बाकावरून सरकलेल्या होत्या त्यासुद्धा. बाईला गुडघ्यावर बसता येईना. ती खाटेवरून हात खाली सोडायची आणि बोटं त्या खळग्यात ठेवून पडायची.

मी बस धरून तिच्या गावी गेलो. लहाना अंगणात तुरीच्या काड्या बांधत होता. म्हटलं, बाई जाते आहे, चल. त्याचे हात थांबले. मग विचारलं, "सांगतलं का तिनं, कुठं हाय ते?"

मी त्याला नाही नाही ते बोललो आणि आलो तसा परतलो.

तिने माझ्या मागे दाराकडे पाहिलं, कुणी नाही हे पाहिलं आणि डोळे मिटले. "येईन तो," ती म्हणाली. "उशीर लागन. पण येईन. अन् आला त त्याले अडवू नका, भाऊ. काहीबी करो, अडवू नका."

ती गेली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. असतं तर मला बरं वाटलं असतं. थकलेली होती, एवढंच. गावाबाहेरच्या दफनभूमीत तिला पुरलं. पास्टरसाहेबांनी प्रार्थना केली, सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. लहाना फाटकाबाहेर उभा होता. आत आला नाही. मी बाहेर आलो तोवर निघून गेला होता.

पुढच्याच बाजाराच्या दिवशी तो आला. पहिल्यांदाच तोंड सरळ ठेवून आला. खांद्यावर पिशवी नव्हती. खणायची टिकास आणि सब्बल होती. माझ्याकडे न बघता विचारलं, "खोली कोणती?"

माझ्या हातात तेव्हा लोखंडी पान्हा होता. तो त्याच्या डोक्यात घालावा असं मला खरोखर वाटलं. पण बाईने अडवू नका म्हटलं होतं. मी कडी काढून दिली.

खाट चर्चच्या लोकांनी उभी करून ठेवलेली. भुई मोकळी. त्यात ते दोन खळगे. तो त्यांच्याकडे पाहत राहिला. "इथं बसे?"

"इथं. रोज."

त्याने तिथेच टिकास घातली. मी चक्की बंद केली; त्या आवाजावर दळण करणं मला जमेना. आधी सारवणाचे पापुद्रे निघाले, मग काळी माती, मग पिवळा मुरूम. तो कमरेइतका आत गेला, मग छातीइतका. दुपार झाली. मी पाणी दिलं, ते प्यायला. एकदा स्वतःशीच पुटपुटला, "खोल हाय म्हणे." मग सब्बल दगडावर ठणकली. खाली सलग काळा खडक होता. त्याने चारी बाजूंनी सब्बल मारून पाहिली. सगळीकडे तोच आवाज.

तो खड्ड्यात खाली बसला. मला वरून फक्त त्याचे पांढरे केस दिसत होते. मला वाटलं रडतो आहे, पण नव्हता रडत.

"काहीच नाही अठी," तो म्हणाला.

"नाही."

"तुमाले ठाव होतं?"

"हो."

मग तो म्हणाला, "मंग ती हासत काहून होती?"

मी म्हटलं, "तू कधी पाहिलं तिला हसताना? तू तर तोंड फिरवून जात होता."

"त्या समोरच्या कापडाच्या दुकानाच्या काचेत दिसे ती. मी दर बाजारी पाहो. मले वाटे, हिले भेटलं हाय, म्हणूनच हासते. दाखवत नाही मले." त्याने खडकावर हात ठेवला. "अठी त काहीच नाही. मंग काहून हासे?"

पास्टरसाहेबांनी उत्तर दिलं असतं. मला आपली तिची ती गोष्ट तेवढी येत होती, ती मी सांगितली. धन सापडलेल्या माणसाने ते पुन्हा झाकून ठेवलं आणि आनंदाने गेला. त्याने ती ऐकली. या खेपेला हंडा विचारला नाही.

तो वर आला आणि खड्डा बुजवायला लागला. मीही फावडं घेतलं. कमर ठणकत होती, पण घेतलं. माती वर आली तशी भुसभुशीत होती, ती पायाने दाबायला हवी होती. त्याने चप्पल काढली, पाय उचलला आणि तसाच थांबला. पाय खाली ठेवला. मग त्या मातीसमोर दोन्ही हात जोडले.

"माफ करजो, बाई," तो म्हणाला, आणि मग पाय ठेवला.